सोळा तासांचं गरम पाणी

अकोल्याच्या एका वृद्धाश्रमात चाळीस म्हातारी माणसं राहत होती. आजाऱ्यांसाठी वेगळी खोली बांधायला वर्गणी जमली होती, पण त्या पैशांतून घ्यायला विश्वस्त शेषरावजींच्या मनात एक यंत्र भरलं. गॅसवर चालणारं ते यंत्र वीज तयार करी आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेवर पाणीही तापवी.

मे महिन्यातल्या भर दुपारी आश्रमातल्या सगळ्यांची बैठक भरली. शेषरावजी ऐटीत म्हणाले, "रोज सोळा तास चालवलं, की सात वर्षांत खर्च वसूल! कोणाला शंका?"

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अंजिराबाई उठल्या. आठवड्यापूर्वीच ऊन लागून एक आजोबा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेले होते.

"एवढं तापलेलं पाणी आम्ही वापरलंच नाही तर?"

"मग यंत्र परवडणार नाही. पाणी वापरायलाच हवं."

"मग एवढंच सांगा साहेब," अंजिराबाई शांतपणे म्हणाल्या, "यंत्राला परवडावं म्हणून या उन्हात आमच्या म्हाताऱ्यांनी रोज किती वेळा गरम पाण्यानं आंघोळ करायची?"

शेषरावजींनी समोर पाहिलं. डोक्यावर ओले पंचे घेतलेली माणसं उत्तराची वाट बघत होती. शेषरावजींनी यंत्राच्या ठरावाचा कागद स्वतःच्या हातानं फाडला. पावसाळ्याआधी आजाऱ्यांच्या खोलीचा पाया खणला गेला.