राणीच्या करंड्यावरची खोटी मोहर

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून डोकं उठवलंत. इकडे गुडघे ठणकतायत आणि तुम्हाला राजा हवा. ऐका तर. मध्ये कुणी खोकू नका.

एका राज्यात प्रत्येक कारागिराची स्वतःची मोहर असे. मऊ दगडात आपली खूण कोरायची, हिंगुळाच्या लाल लगद्यात बुडवायची आणि आपण केलेल्या वस्तूवर आपणच उमटवायची. दुसऱ्याच्या कामावर कुणी आपली मोहर मारली, की ते काम करणारा पुसला जाई. काळदंत मांत्रिकाचा तसा शापच होता. पुसलेली माणसं त्याच्या गुहेत सावल्या होऊन पाणी भरत.

तिथं भैरू लाकडी करंडे कोरी, त्याची बायको द्वारकी फण्या करी. भैरूने राणीसाठी चंदनाचा करंडा पुरा केला आणि तापाने आडवा झाला. त्याची मोहर पडून फुटलेली, करंडा न्यायला दारात शिपाई उभे. द्वारकीने घाबरून आपलीच मोहर करंड्याच्या बुडावर दाबली.

सकाळी भैरू म्हणाला, "अगं, माझी बोटं कुठायत?"

बोटं नव्हती. जखम नाही, रक्त नाही. बघता बघता मनगटंही गेली.

"काय केलंस, द्वारके?"

"चुकले, धनी. माझी मोहर मारली."

"मग रडतेस काय? हाल की!"

भरदुपारी आढ्यावर पिंगळा बोलला, "बाई, तीन गोष्टी आण. मढेडोहाच्या तळचा दगड, काळदंताच्या गुहेतला हिंगूळ आणि राणीचा करंडा. नवऱ्याची खूण तू कोर. उमटवायची मात्र त्यानेच."

"त्याला हात नाहीत, पाखरा."

"ते मला नको सांगू," म्हणून पिंगळा उडाला.

द्वारकी डोहात उतरली. बुडालेल्यांनी तिचे केस धरले. तिने केस विळ्याने कापले आणि दगड घेऊन वर आली. गुहेत हिंगूळ उचलताना तिला नुसते दोन हात पाणी शेंदताना दिसले. अंगठ्यावर पटाशीचा जुना वण. भैरूचेच हात. तिने तोंडात पदर कोंबला आणि पळाली.

राणी म्हणाली, "ने बाई तुझा करंडा. कुंकू ठेवावं तर राख होते."

द्वारकी घरी आली तेव्हा भैरू छातीपासून वर तेवढा उरला होता. तिने बुडावरची आपली मोहर खरवडली, दगडात त्याची खूण कोरली. तोच उंबऱ्यात काळदंत उभा.

"आण इकडे," तो गोड बोलला. "तू दाबलीस तर पुन्हा तोच गुन्हा. मी दाबतो."

"तुम्ही काय कोरलंत त्यात?"

काळदंत हसला. "बघ, मान चालली त्याची."

द्वारकीने मोहरेला हिंगूळ फासला, ती पाटावर उताणी ठेवली, वर करंडा ठेवला. भैरूला काखेत धरून वाकवलं.

"धनी, कपाळ टेका. दाबा जोरात!"

भैरूने कपाळाने करंडा दाबला. बुडावर लाल खूण उमटली. त्याला खांदे फुटले, हात फुटले, बोटं फुटली. शाप तुटला. गुहेतल्या सगळ्या सावल्या आपापल्या घराकडे धावत सुटल्या आणि त्यांना अडवायला धावलेला काळदंत त्यांच्या पायांखाली तुडवला गेला.

राणीचं कुंकू लाल झालं. राजाने दवंडी पिटवली, यापुढे कुणी पुसला जाणार नाही. खोटी मोहर मारणाऱ्याने भर चावडीत माफी मागावी.

तिथं राजा होता म्हणून निभावलं. इथं मी कोरलेल्या देव्हाऱ्यावर आपलं नाव घालून मिरवणारा अजून ताठ मानेने फिरतोय. नाव त्याचं केरबा सुतार.