पाण्याचे म्हणणे

एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाला एकदा एका थारोळ्याने वेठीला धरले होते. थारोळे म्हटले की लोकांना रक्त आठवते. हे मात्र साध्या, सांडलेल्या पाण्याचे होते. तळमजल्यावरच्या डाव्या ओळीतल्या खोल्यांपुढे, व्हरांड्यात, रोज सकाळी ते पसरलेले असायचे. कितीही पुसा, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर.

वसतिगृहाची झाडलोट आणि किरकोळ दुरुस्ती तानूमावशी नावाच्या एका वृद्धेकडे होती. हाताखाली काही बायका होत्या आणि त्यांत द्वारका ही तिची शिष्या. झाडलोटीच्या कामाला शिष्या हा शब्द कुणाला जड वाटत असेल तर खुशाल वाटू द्यावा. हात ज्याच्याकडून शिकतो तो गुरू, मग त्या हातात वीणा असो की खराटा. मावशी वर्षअखेरीस निवृत्त होणार होती आणि तिच्यामागे मुकादम म्हणून द्वारकाच उभी राहणार, हे सगळे धरून चालले होते.

द्वारका होतीच तशी. कामाला वाघीण, वेळेची पक्की, हाताची स्वच्छ. तिने पुसलेल्या फरशीत बघणाऱ्याला चेहरा दिसे, आणि बघणारी द्वारका असली तर तो चेहरा बहुधा रागावलेला असे. राग मुलींवर. व्हरांड्याच्या टोकाला मोरी होती. तिथे मुली कपडे धूत, भांडी विसळत, बादल्या हिंदकळत खोल्यांकडे नेत. सांडलेल्या पाण्यासाठी जाळी होती ती पार दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराच्या दाराशी. द्वारका रोज सकाळी वायपर घेऊन ते सगळे पाणी रेटत रेटत जाळीपर्यंत नेई आणि वाटेत भेटेल त्या मुलीचा उद्धार करी. ‘पाणी सांडू नये’ अशी पाटी तिने लावली होती. तिचा उपयोग झाला नाही म्हणून शेजारी दुसरी लावली होती. मुली आणि द्वारका एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, असे त्या वसतिगृहात म्हटले जाई, आणि ते अक्षरशः खरे होते.

मग एक मुलगी त्या पाण्यावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. भिंतींना आधीच ओल चढली होती, पोपडे पडत होते. वरून निरोप आला की शनिवारी समिती पाहणीला येईल. व्हरांडा तेव्हाही ओला आढळला तर डाव्या ओळीला कुलूप लागेल. सगळी फरशी उखडून नवी घालायची, म्हणजे वर्ष तरी जाणार. बाकीच्या खोल्या भरलेल्या होत्या. तोवर मुलींनी गावात आपापली सोय पाहावी, असे ठरले.

ऐकायला हे सोपे वाटते. पण त्या ओळीत उर्मिला नावाची एक मुलगी होती, जत तालुक्यातल्या एका वाडीवरची. पदवीचे शेवटचे वर्ष. तिच्या वडिलांनी तिला पाठवले होते ते वसतिगृहाचे कुंपण आणि रेक्टरबाईंचा शब्द यांच्या भरवशावर. त्यांचा फोन आला, “शनिवारी येतो, कुलूप लागलं तर घेऊनच जातो. शिकलीस तेवढं बास.” घरी एक स्थळ आधीच येऊन बसले होते. एकदा ती गेली की परत येणार नाही, हे तिला कळत होते, तिच्या मैत्रिणींना कळत होते आणि द्वारकेलाही कळत होते. द्वारकेची शाळा अशीच कुणीतरी न्यायला आले म्हणून सुटली होती. उर्मिलेला रोज बोल लावणारी द्वारका त्या दिवशी तिच्या खोलीवरून जाताना मान वर करू शकली नाही.

तिने कंबर कसली. आता दिवसातून चारदा पुसायचे, शनिवारी तर थेंब दिसू द्यायचा नाही, असे मनाशी ठरवून ती दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आली. कपाट उघडले तर आत काही नव्हते. वायपर नाही, पोछा नाही, साधे फडकेसुद्धा नाही. सगळे तानूमावशीने आपल्या खोलीत कुलूपबंद करून ठेवले होते आणि किल्ली कनवटीला लावली होती.

“डावी वळ सोडून कुठं बी पुसा,” मावशी म्हणाली. “तिथं फडकं लावायचं न्हाई.”

“मावशी, शनिवारी समिती यायची हाय.”

“ठावं हाय मला.”

एवढे बोलून मावशीने एक बादली उपडी घातली, व्हरांड्याच्या कडेला मांडली आणि तीवर बसून ती त्या पाण्याकडे बघू लागली. चहा आला तो तिने तिथेच घेतला. मुली सलवारी वर धरून, भिंतीचा आधार घेत जात होत्या. एकीने विचारले, “मावशी, मासे आहेत का?” मावशी हसली, पण नजर तिने हलवली नाही. द्वारकेला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिच्या ताब्यातल्या जमिनीवर उन्हे वर येईपर्यंत पाणी साचून राहावे, ही गोष्ट तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होती.

दुसऱ्या सकाळीही तेच. या खेपेला मावशीने पांढरी रांगोळी आणली आणि पाण्याची कड जिथे होती तिथून एक रेघ ओढून घेतली. वेडीवाकडी, कुठे फुगलेली, कुठे आत गेलेली. तिसऱ्या सकाळी नवे पाणी आले आणि जवळजवळ त्याच रेघेत येऊन थांबले. मग मावशी उठली, चप्पल काढून त्या पाण्यात शिरली आणि पावलांनी चाचपत मधोमध एका जागी उभी राहिली. तिथे पाण्यात तिच्या पायाची बोटे बुडत होती. बाकी कुठेही पाणी तळव्याच्या वर येत नव्हते.

त्याच दुपारी ती रेक्टरबाईंकडे गेली. काय बोलली ते कुणी ऐकले नाही. बाईंनी डोक्याला हात लावलेला मात्र शिपायाने पाहिला. तासाभरात गवंडी आला, आणि मावशीने त्याला व्हरांड्याच्या मधोमध, उर्मिलेच्या खोलीसमोर, धडधाकट फरशीवर पायाच्या अंगठ्याने जागा दाखवली. “हितं फोड.”

छिन्नीचा पहिला घाव पडला आणि द्वारकेचा धीर सुटला. एवढा वेळ मावशी गुरू म्हणून तिने तोंड दाबून ठेवले होते.

“मावशी, हे काय चालवलंय तुमी? पुसायचं बंद केलंत, मी गप बसले. आता चांगली फरशी फोडताय. परवा ती लोकं येनार, चिखल बगनार आन कुलूप घालनार. त्या पोरीला तिचा बाप घेऊन जाईल. तुमी जाल निवृत्त हून. मी तिच्या तोंडाकडं कसं बगू?”

गवंडी थांबला. मावशीने त्याला हातानेच चालू ठेवायला सांगितले आणि द्वारकेला बादलीवर बसवले. स्वतः उभी राहिली.

“द्वारके, तुज्या हाताला नाव ठेवायची माजी छाती न्हाई,” ती म्हणाली. “पण इतकी वर्सं तू ह्या पान्याला एक सकाळ तरी बसू दिलंस का? आलं की हाकललं. मग त्यानं सांगायचं कवा, की मला कुठं जायाचंय? मी तीन सकाळी त्याला बसू दिलं. तिन्ही येळा ते हितंच येऊन बसलं. हितं खोलगट हाय हे मला तरी कुठं ठावं हुतं? त्यानंच दावलं. जाळी तिकडं चढाला, आन पान्याचा उतार हिकडं. तू रोज त्याला डोंगर चढवत हुतीस, आन दमलीस की पोरींना शिव्या देत हुतीस. पोरींनी कपडे धुवायचे न्हाईत, तर मोरी बांधली कशाला? पानी काय चुकत न्हवतं, बाई. जाळी चुकीच्या जागी हुती. ती उचलून पान्याकडं आनायची, एवढंच काम हाय.”

फुटलेल्या फरशीकडे, रांगोळीच्या पुसट रेघेकडे आणि लांब दाराशी असलेल्या त्या जुन्या जाळीकडे द्वारका आळीपाळीने बघत राहिली. मग उठली, पदर खोचला आणि गवंड्याच्या पुढ्यातला राडा घमेल्यात भरू लागली.

आता काम जोरात निघाले. भिंतीपलीकडूनच बाहेरचे गटार जात होते, त्यामुळे जाळीची नळी लांबवर न्यावी लागली नाही. मुलींनी स्वतःहून धुणे वरच्या मजल्यावर नेले, म्हणजे सिमेंट आवळायला अवधी मिळावा. राडारोडा उचलायला त्यांनी साखळी केली, आणि द्वारकेने शेवटचे घमेले उर्मिलेच्या हातात दिले तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. शुक्रवारी संध्याकाळी नव्या जागी नवी जाळी बसली. मोरी पुन्हा सुरू झाली.

शनिवारी समिती आली. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते आणि बांधकाम खात्याच्या एक अभियंता बाई होत्या. व्हरांडा कोरडा ठणठणीत होता. रेक्टरबाईंच्या चेहऱ्यावर तेज आले. गृहस्थ मात्र मुरलेले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “आज आम्ही येणार म्हणून पुसून घेतलं असेल. पाहणीच्या दिवशी सगळीकडे कोरडंच असतं. सोमवारी काय असेल?”

प्रश्न रास्त होता. रेक्टरबाईंनी तानूमावशीकडे पाहिले. तानूमावशी खाली बघत उभी राहिली, जणू या प्रश्नाशी तिचा काही संबंधच नाही. दारादारांत मुली गर्दी करून उभ्या होत्या.

तेव्हा द्वारका मोरीकडे गेली. तिने बादली काठोकाठ भरली, दोन्ही हातांनी उचलून आणली आणि अध्यक्षसाहेबांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर, कोरड्या फरशीवर, सगळीच्या सगळी ओतली.

कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणाले. साहेब दोन पावले मागे सरले. पाणी आधी चहूकडे पसरले, थोडे घुटमळले, आणि मग चारी बाजूंनी वळून, कुणी न ढकलता, नव्या जाळीकडे निघाले. जाळीतून गटगट आवाज आला. बघता बघता फरशीवर नुसती ओल राहिली.

अभियंता बाई गुडघ्यावर बसून ते निरखत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, “अजून एक बादली आणा. त्या बाजूने ओता.”

ती उर्मिलेने आणली. तिसरी तिच्या मैत्रिणीने आणली. मग कुणाला सांगावे लागलेच नाही. ज्यांनी एका थेंबासाठी वर्षभर बोलणी खाल्ली होती त्या मुलींना आज बादल्या रित्या करायची मुभा मिळाली होती, आणि त्यांनी ती मनसोक्त घेतली. मोरीपासून, दारांतून, जिन्याकडून, जिथून सुचेल तिथून पाणी येत होते आणि एकाच जागी जाऊन नाहीसे होत होते. द्वारका मधोमध उभी राहून हात हलवत होती, “वता गं, आनखी वता.” साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. त्यांनी हसत हसत हात वर केले आणि म्हणाले, “पुरे, पटलं आम्हाला. ही ओळ चालू राहील. भिंती तेवढ्या वाळू द्या, म्हणजे गिलावा करून घेऊ.” त्यावर जो गलका झाला तो फाटकापर्यंत ऐकू गेला.

फाटकाशी उर्मिलेचे वडील बसले होते. पहिल्या एसटीने आलेले, सामान भरून न्यायला काखेत दुमडलेले रिकामे पोते. आत काय चालले आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. उर्मिला धावत आली ती नखशिखान्त भिजलेली.

“अण्णा, कुलूप न्हाई लागलं.”

त्यांनी लेकीकडे नीट पाहिले. “भिजलीस कशानं?”

“फरशीवर पाणी ओतलं. साहेबांसमोर.”

त्यांना यातले काही कळले नसावे. पण लेकीचा चेहरा त्यांना कळला. ते उठले आणि पोते पुन्हा काखेत घट्ट धरले. “बरं, डोकं पूस. परीक्षा झाली की ये,” म्हणाले आणि स्टँडच्या रस्त्याला लागले. एकटेच.

तानूमावशी आणि द्वारका फाटकाच्या आत उभ्या होत्या. उर्मिलेचे वडील वळणाआड जाईपर्यंत द्वारका बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

“मावशी,” ती म्हणाली, “मी रोज पुसून पुसून ह्या पोरीलाच घरला धाडत हुते.”

“व्हय,” मावशी म्हणाली. “आता नगं धाडू.”

जे आपल्याला रोज पुसावे लागते, त्याच्याकडे एखादी सकाळ न पुसता बघावे.