वाकलेली मान

एकदा एक नेमबाज मुलगी आपल्या वृद्ध गुरूंना घेऊन पुण्यातल्या एका बंदुकीच्या दुकानात गेली. केतकी तिचं नाव. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची आणि रविवारी, यंत्रातून हवेत सुटणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडण्याचा सराव करायची. आजवर ती गुरूंच्याच बंदुकीनं खेळली होती. आता तिला स्वतःचा परवाना मिळाला होता आणि तीन महिन्यांवर राज्य संघाची निवड आली होती. ऐपत एकाच बंदुकीची होती. ती चुकली, तर पुन्हा काही वर्षं थांबणं आलं.

खरं तर तिची पसंती दोन वर्षांपूर्वीच झाली होती. काचेच्या कपाटात, एकावर एक नळ्या असलेली एक दुनळी उभी होती. अक्रोडाचा दस्ता, पोलादावर कोरलेले तित्तिर पक्षी. पुण्याला काहीही काम निघालं की केतकी दुकानात डोकावायची, “अजून आहे ना?” एवढंच विचारायची आणि दिवसभर खुशीत असायची. किंमत तिच्या आवाक्याच्या दुप्पट. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधी मोडायचंही तिनं ठरवून टाकलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. असं म्हणणाऱ्याला पैसे मोजायचे नसतात, एवढंच.

गुरू सैन्यातले निवृत्त सुभेदार. त्यांनी ती दुनळी बाहेर काढायला लावली आणि शेजारची एक साधी, निम्म्या किमतीची, दस्त्यावर ओरखडे पडलेली दुनळीही घेतली. दोन्ही उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. मग म्हणाले, “पोरी, डोळ्यांवर ओढणी बांध.”

दुकानदाराला हसू आवरेना. “सुभेदार, बंदूक घ्यायचीय की आंधळी कोशिंबीर खेळायचीय?”

केतकीनं डोळे बांधले, लाडकी बंदूक खांद्याला लावली, दस्त्यावर गाल टेकवला. सुभेदारांनी ओढणी सोडली. “हलू नगंस. काय दिसतंय?”

भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला हवं होतं. दिसली ती नळीची डावी बाजू. केतकीनं हळूच मान तिरकी केली, तेव्हा कुठे नळीच्या टोकाचा, नेम धरायचा मणी कॅलेंडरवर आला.

“मणी सरळ दिसतोय, काका.”

“मान हलवलीस न्हवं?”

“नाही हो.”

तीनदा डोळे बांधले, तीनदा मान वाकली आणि तीनदा ती खोटं बोलली. ज्यांनी सहा वर्षं शिकवलं त्यांच्याशी ती प्रथमच खोटं बोलत होती.

मग साधी बंदूक. ओढणी सुटली तेव्हा मणी आपसूक कॅलेंडरच्या मधोमध होता आणि मान जिथल्या तिथे. केतकीला रडूच आलं. ही बंदूक जुळावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

“त्या भारीतल्या बंदुकीचा दस्ता तासून देतो की,” दुकानदार म्हणाला.

“एवढा तासल्यावर उरंल काय?” सुभेदार केतकीजवळ बाकावर बसले. “पोरी, डोळं उघडं असलं की माणूस आवडीच्या वस्तूला जुळवून घेतो. मान वाकती आन् त्याला पत्ताबी लागत न्हाई. दुकानात हे चालतंय. मैदानात तबकडी सुटली की ती तुझी मान वाकायची वाट बघत न्हाई. मला तुझ्या आवडीला न्हाई, तुझ्या खांद्याला इचारायचं हुतं. म्हणून डोळं बांधलं.”

“पण काका, फार आवडते हो ती मला. दोन वर्षं…”

“आवडू दे की! माझीबी हुती असलीच एक. अकरा वर्षं मान वाकवून खेळलो. लोक म्हणायचे, सुभेदाराचा नेम गेला. डोळ्याला आवडलेलं समदंच गालाला लावायचं नसतं, हे लई उशिरा कळलं.”

साध्या बंदुकीचे कागद तयार होऊ लागले. केतकीनं दुकानदाराकडे ती कोरीव दुनळी आणखी एकदाच मागून घेतली. डोळे उघडे ठेवूनच खांद्याला लावली. मणी झटकन कॅलेंडरवर आला. मात्र या वेळी आपली मान वाकल्याचं तिला कळलं. मग तिनं स्वतःच्या हातानं बंदूक कपाटात ठेवली आणि सुभेदारांकडे वळली.

“काका, मघाशी मी मान हलवली होती. तिन्ही वेळा.”