नव्या सुनेचे हात

एका नदीकाठच्या गावात अत्तर आणि साबण करणारं एक घर होतं. त्या घराचा पत्ता कुणाला विचारावा लागत नसे. नाक असलं की पुरे. मागच्या अंगणात तांब्याच्या भांड्यांतून केवड्याचं नि वाळ्याचं अत्तर उतरे, आणि पडवीतल्या मोठ्या कढईत तेल नि खाराचं पाणी घोटून साबण होई.

घराच्या मूळपुरुषाने एक रीत घालून दिली होती. साबणाची कढई उतरली, वड्या पडल्या, की पहिल्या वडीने घरातल्या सगळ्यात नव्या सुनेने हात धुवायचे आणि साबण कसा झाला ते सांगायचं. कारण साधं होतं. बाकीच्यांचे हात खाराने निबर झालेले, तिचे अजून कोवळे. खार जास्त झाला असेल तर तिलाच कळणार.

चार पिढ्यांत हे कारण कुठेतरी सांडलं आणि रीत तेवढी उरली. आता त्यासाठी पाट मांडत, रांगोळी काढत, हात धुवायला चांदीचं तस्त ठेवत. सुनेने काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं. ‘चांगला आहे.’

त्या घरात एक नवी सून आली. येऊन महिनाही झाला नव्हता. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. सासरे तर कधी आवाजच चढवत नसत. ते बोलायचे थांबले, की सगळं घर श्वास धरून उभं राहायचं.

त्याच महिन्यात राजवाड्यावरून निरोप आला. राजाला नातू झाला होता. बारशाच्या दिवशी बाळाच्या न्हाणीला या घरचा साबण हवा होता. दिवस थोडे होते. वड्या लवकर धराव्यात म्हणून सासऱ्यांनी कढईत खार वाढवला आणि वर केवड्याचं अत्तर सढळ हाताने ओतलं. पडवी अशी दरवळली, की जाणारे-येणारे थबकू लागले.

हात धुवायच्या दिवशी सकाळी थोरली जाऊ तिची वेणी घालायला बसली. वेणी घालता घालता म्हणाली, “काय म्हणायचं ते ठाऊक आहे ना?”

“साबण कसा असेल तसं सांगायचं ना, जाऊबाई?”

जावेचा हात थांबला. “आजेसासूबाईंच्या वेळी एकीने तसंच सांगितलं होतं. झोंबतो म्हणाली. त्याच दिवशी गाडीत बसवून तिला माहेरी पाठवली. पुन्हा आणली नाही.” मग तिने पेडाला जरा जोरातच पीळ दिला. “तुझ्या पाठच्या दोघींची लग्नं व्हायची आहेत म्हणे.”



पाटावर बसली तेव्हा तिला समोर सासऱ्यांची पावलं तेवढी दिसत होती. नवरा खांबापाशी उभा राहून खांबाकडेच बघत होता. सासूबाईंनी नेहमीसारखे हात पदराखाली घेतले होते. सुनेने वडी ओली केली. फेस छान आला, वास तर असा की डोळे मिटावेत. पण बोटांच्या पेरांशी चुरचुरलं. मग तळहात पेटला. मिरच्या वाटल्यावर होते तशी आग मनगटापर्यंत चढली. ती हात तस्तात तसेच धरून बसली.

“कसा आहे, सूनबाई?” सासऱ्यांनी विचारलं.

दोनच शब्द म्हणायचे होते. ते तिच्या जिभेवर येऊनही बसले होते. पण तिने माहेरी धाकट्या भावाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. बारा दिवसांच्या बाळाची कातडी कशी असते, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी.

“झोंबतो, मामंजी,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिला वाटलं, ऐकूच गेला नसेल.

ऐकू गेला होता. मागे कुणाच्या तरी हातातली परात निसटली.

 सासरे खाली बसले, तीच वडी घेतली आणि सावकाश, चांगला फेस काढून हात धुतले. “मला तर काही होत नाही,” ते म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. सुनेने त्यांचे तळहात पाहिले. चाळीस वर्षं खारात बुडून ते सहाणेसारखे झाले होते. त्यांवर निखारा ठेवला असता तरी त्यांनी आधी कुठला लाकूडफाटा ते विचारलं असतं.

“चार पिढ्यांत कुणाला झोंबला नाही. हिलाच कसा झोंबला?”

 मग सासूबाई पुढे आल्या आणि त्यांनी पदराखालचे हात बाहेर काढले. पेरांवर जुने पांढरे वण होते.

“मला झोंबला होता,” त्या म्हणाल्या. “आले त्याच वर्षी. मी चांगला म्हटलं. मग पूर्वेकडच्या बाजारात पोरांच्या अंगावर फोड आले आणि तो बाजार सुटला. तुम्ही म्हणालात, दृष्ट लागली.”

“घाटाखालचा बाजार सुटला ना, ते माझं वर्ष,” थोरली जाऊ भिंतीकडे बघत म्हणाली.

“मग बोलला का नाहीत?” सासऱ्यांनी विचारलं.

“परत पाठवलेल्या सुनेची गोष्ट ऐकून होते,” सासूबाई म्हणाल्या. “तशी कुणी नव्हतीच. मला माझ्या सासूने सांगितली, मी थोरलीला सांगितली. आम्हा सुनांच्या बाजूने एवढाच काय तो वारसा.”

सासऱ्यांनी हातातली वडी खाली ठेवली. मग मुलाला म्हणाले, “गाडी जुंप.”

सुनेला पुढचं ऐकूच आलं नाही. ती आत गेली आणि भाजलेल्या हातांनी गाठोडं बांधायला लागली. गाठ काही बसेना.

“हे काय?” सासूबाई दारात उभ्या होत्या. “गाडी राजवाड्यावर निघाली आहे. तुला तिथे काय काम?”

सासरे रिकाम्या टोपल्या घेऊन गेले. जाताना तेही भ्यालेले होते. पागोटं त्यांनी दोनदा बांधलं. तिन्हीसांजेला परतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “साबण कडक झाला, आणता येत नाही, असं सांगितलं. कारभारी संतापले. पुढचं कामही बंद म्हणाले. बाळाला मसुरीच्या पिठाने न्हाऊ घालतील.” मग पागोटं उतरवून म्हणाले, “ते बरंच झालं.”

दुसऱ्या दिवशी त्या वड्या पुन्हा कढईत गेल्या. तेल वाढवून त्या नव्याने घोटल्या. राजवाड्याचं बोलावणं पुन्हा आलं नाही. पण रिकाम्या टोपल्यांची गोष्ट गावोगाव गेली, आणि पूर्वेकडच्या बायका आपणहून साबण मागायला येऊ लागल्या. त्यांच्यासाठी पहिली कढई उतरली, तेव्हा पाट नव्हता, तस्त नव्हतं. सुनेने विहिरीपाशी हात धुतले, वास घेतला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “चांगला आहे.”

सासऱ्यांनी तेवढ्यावर वड्या बांधायला घेतल्या.

तात्पर्य: जिथे ‘नाही’ म्हणायची भीती वाटते, तिथल्या ‘हो’वर कुणी विसंबू नये.