आठ बाजूंचं कुंड

जासिंताच्या वाडीतली विहीर खारी झाली, आणि घराभोवतालचं हिरवेपण हळूहळू विटत गेलं. आधी मोगऱ्याची पानं कडेनं पिवळी पडली. मग इवल्या इवल्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच गळू लागल्या. जासिंताची आई, कार्मेलीन, रोज पहाटे फुलं खुडून बाजारात न्यायची. आता तिच्या टोपलीचा तळसुद्धा झाकला जात नव्हता. बाबा तर जासिंता रांगत होती तेव्हाच देवाघरी गेले होते. एके दिवशी आईनं तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की, या महिन्यात मोगऱ्यानं कळ्या धरल्या नाहीत तर ती शहरात कामाला जाईल आणि जासिंता मावशीकडे राहील. मावशी जासिंताला आवडायची. पण मावशी म्हणजे आई नव्हे. जासिंतानं छोटी कळशी उचलली आणि ती पाण्याला गेली.

प्यायचं पाणी चर्चच्या बागेतल्या नळावरून आणावं लागे. ही बाग त्यांच्या कुंपणाला लागूनच होती. बागेच्या टोकाला फार फार जुनं चर्च पडून गेलेलं होतं. त्याची एक कमान तेवढी उभी होती, आणि कमानीजवळ बकुळीच्या सावलीत एक दगडी कुंड होतं. कमरेएवढं उंच, आठ बाजूंचं, काळंभोर. पूर्वी गावातल्या तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा याच कुंडातल्या पाण्यानं व्हायचा. नव्या चर्चमध्ये पांढरं संगमरवरी कुंड आलं, आणि हे जड कुंड हलवायला कोणी धजलं नाही म्हणून ते तिथंच राहिलं. आता बागेची देखभाल करणाऱ्या सांतानकाकांनी त्यात कमळ लावलं होतं.

जासिंताला ते कुंड बघायची भारी हौस. शेवाळ बोटानं बाजूला केलं की खालून काहीतरी डोकवायचं. एका बाजूला दोन मासोळ्या, एकीवर द्राक्षांचा वेल, एकीवर कोंबडा. एका बाजूला एक सिंह होता, पण त्याचे गाल गुबगुबीत होते आणि मिशा खाली लोंबत होत्या. जासिंता येता-जाता त्यालाच विचारायची, "तू असा का रे?"

त्या दुपारी तिला कुंड फारच मलूल दिसलं. दगडावर धूळ बसली होती. तिनं कळशीतलं ताजं पाणी ओंजळीत घेतलं आणि सिंहाचं तोंड धुतलं. मग कोंबड्याची शेपटी, मग मासोळ्यांचे खवले. कळशी निम्मी रिकामी झाली. आठव्या बाजूवर काहीच कोरलेलं नव्हतं, पण जासिंताला वाटलं, तिनं काय पाप केलंय? तिनं तीही धुतली.

तोच त्या कोऱ्या दगडावर चांदण्यांचे ठिपके उमटले. निळे, जांभळे, केशरी! ठिपके लुकलुकत एकत्र आले आणि त्यांच्यातून बुलबुलाएवढी एक परी बाहेर आली. तिचा झगा शेवाळासारखा मऊ हिरवा होता, आणि पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ, झिरझिरीत. पण ते ओल्या कागदासारखे खाली लोंबत होते. ती कुंडाच्या काठावर बसली आणि पाय हलवू लागली.

"घाबरू नकोस, बाय," ती म्हणाली. "माझी बाजू पुसायची आठवण आजवर कोणाला झाली नव्हती. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण माझ्या इच्छांना नियम आहे."

नियम मोठा गमतीचा होता. 'हे दे, ते दे' असं म्हणायचं नाही. इच्छा म्हणून फक्त प्रश्न विचारायचा, आणि तोही ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही असा. ओला हात दगडावर ठेवून विचारलं की कुंड उत्तर देईल. तीन उत्तरं झाली की परी दगडात परत जाईल.

जासिंताच्या मनात लगेच विहिरीचा प्रश्न आला. पण हात होता सिंहावर, आणि जीभ मनाच्या पुढे धावली. "हा सिंह असा का दिसतो?"

दगडाचे गाल हलले. सिंह फटकन शिंकला, आणि पाण्यात एक म्हातारा पाथरवट दिसला. त्यानं जन्मात सिंह पाहिला नव्हता. म्हणून त्यानं आपल्या मांजरीला समोर बसवलं होतं. मांजरी डुलक्या घेत होती, पाथरवट तिला दटावत होता, आणि छिन्नीखाली तिच्या मिशा उमटत होत्या. जासिंता इतकी हसली की कळशी कलंडता कलंडता राहिली.

"एक गेली," परी म्हणाली.

आता मात्र विहिरीचंच विचारायचं, असं जासिंतानं ठरवलं. पण पाण्यात अजून काहीतरी हलत होतं, लहान लहान गुलाबी ढगांसारखं. तिला राहवलं नाही. ते कोण, असं तिनं विचारलंच.

ती बाळं होती. या कुंडापाशी आलेली सगळी बाळं! कोणी रडत होतं, कोणी जांभई देत होतं, एकानं तर फादरांची दाढी घट्ट पकडली होती. आणि त्यांच्यात एक बाळ होतं, टक लावून बघणारं, जासिंतासारखंच नकट्या नाकाचं. ती जासिंताच्या आईच्या पणजीची आई, असं परीनं सांगितलं. जासिंतानं तिच्याकडे पाहून हळूच हात हलवला.

"दोन गेल्या. आता नीट विचार कर हं," परी म्हणाली, आणि तिला खोकला आला.

जासिंतानं दगडावर हात ठेवला. प्रश्न अगदी ओठांवर होता. आमची विहीर गोड कशी होईल? पण परीनं खोकता खोकता काठ धरला होता. तिच्या झग्याची किनार चिकट झाली होती आणि बोटं थंडीनं काळी-निळी पडली होती. एवढी उत्तरं देणाऱ्या या चिमुकलीला काय होत होतं, हे जासिंताला ठाऊक नव्हतं. तिनं एकदा कुंपणापलीकडे, पिवळ्या मोगऱ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "परी, तुला काय दुखतंय?"

परीनं काठावरचा हात सोडला आणि ती जासिंताकडे वळली.

"माझ्या तळाला एक भोक आहे," ती अगदी हळू म्हणाली. "बाळाच्या डोक्यावरून ओघळलेलं पाणी त्यातून खाली मातीत जायचं. कोणीतरी ते बुजवलं. तेव्हापासून माझं पाणी अडून बसलंय, आणि मीही."

जासिंता धावत सांतानकाकांकडे गेली. ते जास्वंदीला आळं करत होते. कमळ काढायचं म्हटल्यावर त्यांच्या भुवया टोपीला टेकल्या. "वा गं वा! इतक्या लाडानं वाढवलेलं माझं कमळ उपटायला निघालीस? उद्या म्हणशील, काका, टोपी काढा, तिच्यात मासे सोडायचेत."

मग जासिंतानं भोकाचं सांगितलं, आणि काकांच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. ते भोक त्यांनीच बुजवलं होतं. कुंड फुटकं आहे, पाणी टिकत नाही, असं समजून त्यांनी त्यात मूठभर सिमेंट ठासलं होतं.

"माझी आई सांगायची," ते पुटपुटले, "बाप्तिस्म्याचं पाणी गटारात सांडायचं नाही, ते जमिनीला द्यायचं. आणि मी अक्कलवंत, त्याची वाटच बंद करून बसलो."

त्यांनी कमळ अलगद घमेल्यात ठेवलं आणि छिन्नी आणली. पण त्यांचा जाड हात तळाच्या अरुंद खळग्यात शिरेना. जासिंतानं बाही वर केली, खांद्यापर्यंत हात त्या हिरव्या, गार, बुळबुळीत पाण्यात घातला, आणि ती खरवडत राहिली. नखं झिजली, बोटं झणझणली. मग एक खपली सुटली. गुडुप! आणि पाणी गोल गोल फिरत, गाणं म्हणत खाली निघालं.

कुंडाच्या काठावर परी उभी राहिली. तिचे पंख सळसळून ताठ झाले, आणि त्यांत लिंबाच्या पालवीचा, आंब्याच्या मोहराचा, समुद्रफेसाचा रंग भरला. काकांना तिथे नुसतं ऊन दिसत होतं.

"या कुंडाखाली गोड्या पाण्याचा झरा राहतो," तिनं जासिंताच्या कानात सांगितलं. "वरून पाण्याचा थेंब आला की तो जागा राहतो. नाही आला की निजतो, आणि समुद्राचं खारं पाणी तुमच्या विहिरीत शिरतं. हे मी आपण होऊन सांगू शकत नव्हते, बाय. कोणीतरी विचारायला हवं होतं."

जासिंतानं तिला धरायला ओंजळ पुढे केली. ओंजळीत प्रकाशाचा झोत उसळला, सोनेरी, मग पांढराशुभ्र. बकुळीचं पान न् पान लखलखलं. तिनं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा ओंजळीत फक्त ऊब होती.

एवढ्यात कुंपणापलीकडून आईची हाक आली. जासिंता धावली. आई विहिरीच्या काठावर बसली होती, बादली मांडीशी धरून. तिनं एक घोट घेतला, थांबली, पुन्हा एक घेतला. मग तिनं ओंजळ भरून जासिंताच्या तोंडाशी धरली.

पाणी गोड होतं.

आईनं उरलेलं पाणी पहिल्या मोगऱ्याच्या मुळाशी ओतलं आणि बादली पुन्हा विहिरीत सोडली. दोघींनी मिळून दोर ओढला.

"मावशीला काय कळवायचं?" जासिंतानं विचारलं.

"कळव," आई म्हणाली, "की आम्ही दोघी सुट्टीत येऊ. आणि लगेच आपल्या घरी परतू."