कापलेल्या दोरांची माळ

सूर्य उगवायला दोन घटका बाकी होत्या. नदीपलीकडे, वस्तीपासून अर्ध्या कोसावर, काटेरी कुंपण घातलेल्या वाडग्यात अकरा बैल बांधलेले होते. सूर्य उगवला तेव्हा अकरा खुंटे जागच्या जागी होते. बैल एकही नव्हता.

ही घटना फार फार जुनी आहे. त्या राज्याचं नाव आज कुणाला आठवत नाही आणि त्या नदीनेही पुढे आपलं पात्र बदललं. पण घडलं ते असंच घडलं. लहानांनी ते ऐकावं, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावं.

वाडगं होतं भिवराचं. भिवरा गुरांवर औषधोपचार करायची. साठी गाठलेली, आवाजाने खणखणीत, बोलायला फटकळ.

त्या राज्यात पूर्वी बैल हाकायच्या काठीच्या टोकाला खिळा ठोकलेला असायचा. त्याला आर म्हणत. बैल दमला की आर टोचायची, अडला की टोचायची, आणि काही गाडीवान तर गप्पा मारता मारता नुसत्या सवयीने टोचायचे. भिवराने पंचवीस वर्षं बैलांच्या जखमा धुतल्या. मग एक दिवस ती बाजाराच्या वेशीत जाऊन उभी राहिली आणि येईल त्या गाडीवानाच्या हातून काठी हिसकावून घेऊ लागली. तिने शिव्या खाल्ल्या. दोनदा मारही खाल्ला. तिसऱ्या वर्षी राजाने आर लावायला बंदी केली.

या तीन वर्षांत जे लोक तिच्या पाठीशी उभे राहिले, त्यांचा पुढे अभयसंघ झाला.

त्याच सुमाराला तिच्याकडे एक बैल आला. वासरू असताना गळ्यात बांधलेला दोर कुणी सैल केला नव्हता, तो कातडीत रुतून बसला होता. भिवराने तो कापून काढला. सहा महिने जखम धुतली, बैलाला हाताने चारा भरवला. आणि त्या दोराचा एक तुकडा तिने स्वतःच्या गळ्यात बांधला, आपल्याला विसर पडू नये म्हणून.

लोकांना तो तुकडा दिसला. सहा महिने दिसले नाहीत.

हळूहळू संघात रीत पडली. जो कुणी जनावराचा दोर कापील, त्याने कापलेला तुकडा आपल्या माळेत ओवायचा आणि चौकातली अभयघंटा वाजवायची. ज्याची माळ लांब, त्याची बैठक पुढे. आधी रुतलेले दोर कापले गेले, मग घट्ट दोर, मग सगळेच. कुंभाराची गाढवं सुटली. एका आंधळ्या म्हातारीची शेळी सुटली. तिसऱ्या दिवशी ती बिबट्याने अर्धी खाल्लेली सापडली. म्हातारी रडत संघाच्या दारात गेली, तेव्हा तिला उत्तर मिळालं, "आजी, ती मोकळी मेली, यात समाधान माना."

सगळ्यांत लांब माळ होती सुमेधची. गुडघ्यापर्यंत लोंबायची. हा सुमेध भिवराच्याच हाताखाली चार वर्षं शिकलेला. हात इतका हलका की औषध पाजताना त्याला कुठल्याही जनावराने कधी लाथ मारली नाही. मेलेल्या वासराजवळ बसून तो खरोखर रडायचा. यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच लोक त्याचं ऐकायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर परमुलखातून मिठाचा तांडा आला. तांड्यातल्या सोळा बैलांच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळत होतं, तोंडात फोड आले होते, हगवण थांबत नव्हती. भिवराने लांबूनच ओळखलं. बुळकांडी. एका गोठ्यात शिरली की अख्खं खोरं रिकामं करणारा रोग.

कोतवाल म्हणाला, "सोळाही आत्ताच्या आत्ता मारून पुरून टाका."

"एकवीस दिवस द्या," भिवरा म्हणाली. "मरायचे ते मरतील. जगतील त्यांना हा रोग जन्मात पुन्हा शिवणार नाही."

"बाई, त्यातला एक जरी सुटला तर?"

"म्हणूनच बांधते आहे. मीही त्यांच्याबरोबर आतच राहीन."

कोतवालाने कुरकुरत मुदत दिली. भिवराने वाडग्याच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. आत रोग आहे, कुणी येऊ नये, अशी त्याची खूण; ती त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. सखोबा गवळी रोज लांबच्या एका दगडावर चारा आणि तांदूळ ठेवून जायचा. त्याच्या स्वतःच्या चाळीस म्हशी होत्या, त्यामुळे दगडाच्या पुढे तो एक पाऊल टाकत नसे. भिवरा पेज शिजवायची आणि बांबूच्या नळीने एकेकाच्या घशात ओतायची. पहिल्या आठवड्यात पाच बैल गेले. अकरा उरले. नवव्या दिवशी त्यातल्या दोघांनी रवंथ सुरू केलं, आणि भिवरा कितीतरी दिवसांनी हसली.

त्याच दुपारी सुमेध सात-आठ जणांना घेऊन कुंपणापाशी आला.

"माई, दार उघडा."

"डहाळा दिसला ना? मग तिथेच उभा राहा."

"दिसला. जिथे बघायची मनाई असते तिथे लपवण्यासारखं काहीतरी असतं, हे तुम्हीच शिकवलंत."

"ते कसाईवाड्याबद्दल शिकवलं होतं रे!"

"फरक काय? आत दोर आहेत. बैल हंबरतायत ते बाहेर ऐकू येतंय."

लांबच्या दगडापासून सखोबा ओरडला, "अरे बाबा, तुला गोवर निघाला तेव्हा तुझ्या आईने तुला कोंडून ठेवलं होतं. ती काय कसाईण झाली?"

"दूध काढून विकणाऱ्याने आम्हाला दया शिकवू नये," सुमेधबरोबरचा एक जण म्हणाला.

"नाही शिकवत. तुमच्या गळ्यात दोर, माझ्या हाताला शेण. कुणाकडे यायचं ते म्हशीला विचारा."

भिवरा कुंपणाजवळ आली. "सुमेधा, बारा दिवस थांब. बारा दिवसांनी तुझ्याच हाताने सोडवीन त्यांना."

"बारा दिवस त्यांनी का भोगायचे?"

"ते सुटले तर बाकीची भोगतील म्हणून."

"म्हणजे बाकीच्यांसाठी या अकरांना डांबायचं. कोतवाल तरी वेगळं काय म्हणत होता?"

"कोतवाल मारत होता. मी पेज पाजते आहे. डोळे आहेत ना तुला?"

"दोर तो दोर, माई," सुमेध शांतपणे म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वळला आणि निघून गेला.

दहाव्या दिवशी पहाटे भिवरा नेहमीप्रमाणे अंग आणि भांडी धुवायला नदीवर गेली. परत आली तेव्हा काय झालं होतं ते सुरुवातीलाच सांगितलं आहे. डहाळा मातीत तुडवला गेला होता.

तेवढ्यात चौकातून घंटा ऐकू आली. थांबेचना.

भिवरा धावत सुटली, पण वस्तीच्या अलीकडे तिने स्वतःला थांबवलं. तिच्या लुगड्यावर रोग होता. ती वेशीजवळच्या ओढ्याच्या अल्याडूनच ओरडली, "कुणी सोडले?"

"आम्ही सगळ्यांनी!" पलीकडून आरोळी उठली. गुलाल उडत होता.

"कुठे हाकलले ते सांगा आधी!"

"हाकलले नाहीत, सोडले. त्यांचं मन जिकडे गेलं तिकडे गेले."

"तापलेल्या जनावराचं मन पाण्याकडे जातं. कुठल्या पाण्याकडे गेले?"

बैल कुठे जातात हे बघायला एकही माणूस थांबला नव्हता. घंटा वाजवायची घाई होती.

"निदान हात धुवा!" भिवराचा आवाज फाटला. "आज आपापल्या गोठ्यात पाऊल टाकू नका!"

काही जण हसले. एक जण म्हणाला, "म्हातारीला आपले कैदी गेल्याचं दुःख झालंय."

पाच बैल गावच्या हाळावर पाणी पिताना सापडले. तीन सखोबाच्या म्हशींच्या डबक्यात उभे होते. उरलेले तीन जंगलात शिरले होते, त्यांच्या खुरांच्या खुणा डोहापर्यंत गेल्या होत्या. कोतवालाच्या तिरंदाजांनी आठ बैल त्याच सकाळी मारले. रवंथ करू लागलेले दोघे त्यांतच होते. भिवराने कोतवालाला अडवलं नाही. या वेळी कोतवाल बरोबर होता, आणि तिला तेच सहन होत नव्हतं.

त्यानंतर आठव्या दिवशी सखोबाच्या पहिल्या म्हशीच्या नाकातून पाणी गळायला लागलं. महिन्याभरात चाळीसपैकी चार उरल्या. खोऱ्यातल्या सात गावांत नांगराला बैल राहिला नाही. माणसांनी स्वतःच्या खांद्यावर जू घेतलं. गावोगावच्या कडेला मातीचे लांबलचक ढीग उठले आणि वारा त्या बाजूने आला की लोक दारं लावून घेत.

अभयसंघाच्या माळा तोवर रस्त्यावर दिसेनाशा झाल्या होत्या.

राजाने दरबार भरवला. सुमेध पुढे आला. त्याचा गळा मोकळा होता.

"महाराज, झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "पण रोग निसर्गाने दिला. आणि दोर कापणारे आमच्या संघाचे नव्हते. कुणा उतावळ्यांनी ते परस्पर केलं असावं."

भिवरा उठून उभी राहिली. "त्या सकाळी 'सगळ्यांनी' म्हणालात. गुलाल उधळलात. आज सगळ्यांतला एकही उरला नाही?"

"माई, आमचा हेतू तरी वाईट नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"हेतू तुझ्यापाशीच राहू दे. सखोबाच्या गोठ्यात जाऊन तो दाखव, बघू दूध देतो का."

दरबारात हशा पिकला. तो थांबायच्या आत गाडीवानांचा मुखिया पुढे झाला. गेली कित्येक वर्षं तो याच दिवसाची वाट बघत होता. "महाराज, दया केली की काय होतं ते बघितलंत. आता हे चोचले पुरेत. आर लावायची मोकळीक द्या. जगलेल्या थोड्या बैलांकडून दुप्पट काम घ्यायचं आहे."

सभेत माना डोलल्या. ज्यांचे गोठे रिकामे झाले होते त्यांच्याही.

"दोर यांनी कापले," भिवरा कडाडली, "आणि खिळे बैलांना? बैलांनी काय केलं, महाराज? जे जगले त्यांनी तरी काय केलं? या उतावळ्यांना शिक्षा करायची हिंमत नाही, म्हणून मुक्या जनावरावर राग काढता?"

राजाने नजर चुकवली. लोक संतापले होते आणि त्याला लोकांना काहीतरी द्यायचं होतं. त्याने आरेवरची बंदी उठवली. संघाला ताकीद देऊन सोडून दिलं. भिवराच्या आयुष्यभराच्या कष्टाचा निकाल एका दुपारी लागला. तो तिच्या शत्रूंनी लावला नव्हता. त्यांना फक्त हात पुढे करायचा होता. संधी तिच्याच माणसांनी त्यांच्या ओंजळीत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भिवरा वेशीत जाऊन उभी राहिली. पहिली गाडी आली, तशी तिने गाडीवानाच्या हातातली काठी धरली.

"सोड म्हातारे, आता राजाची परवानगी आहे."

"राजाला परवानगी मी दिलेली नाही."

गाडीवानाने हिसका दिला. ती पडली, उठली आणि पुन्हा काठीला हात घातला. इतक्यात दुसऱ्या बाजूने आणखी एका हाताने ती काठी पकडली. सखोबा होता.

"तू कशाला आलास?" भिवराने विचारलं. "म्हशींचं कोण बघतंय?"

"चार म्हशींना कितीसा वेळ लागतो?" तो म्हणाला. "आता मला सवडच सवड आहे."

संघाच्या लोकांपैकी त्या दिवशी वेशीत कुणी आलं नाही. पुढच्या बाजारीही नाही. ते दोघे मात्र दर बाजारी येत राहिले, आणि काठ्या हिसकावत राहिले.

दोर कापायला एक क्षण लागतो; जनावरावर माया किती आहे ते त्यानंतरच्या दिवसांत कळतं, आणि ते दिवस ज्याला नको असतील त्याने दोराला हात लावू नये.

त्या उन्हाळ्यात जंगलातल्या डोहाकाठी सत्तावीस सांबरं मेलेली सापडली. त्यांना मालक नव्हता, म्हणून त्यांच्या वतीने दरबारात कुणी तक्रार केली नाही. अभयसंघानेही केली नाही. त्यांना कुणी मारलं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.