खिडकीच्या खोलीतली वेणूमावशी

टेकडीच्या पायथ्याशी एक बाग होती आणि बागेच्या कुंपणाला टेकून एक इवलंसं घर. घर म्हणजे काय, एक स्वयंपाकघर आणि एक खोली. त्यात बकुळा आणि तिची आई राहायच्या. बकुळाला सगळे बकूच म्हणत. बकूचे बाबा देवाघरी गेले होते. आई गोधड्या शिवून घर चालवायची, पण हल्ली गोधड्यांना गिऱ्हाईक मिळेना. चूल कधी पेटायची, कधी नाही.

मग आईने खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. ती खोली बकूची फार लाडकी. तिला खिडकी होती आणि खिडकीतून सगळी बाग दिसायची. गुलाबी गुलबक्षी, पिवळीधमक शेवंती आणि चिमुकली निळी फुलपाखरं. बकूने हट्ट केला नाही. अंथरूण गुंडाळून मुकाट्याने चुलीशेजारी नेलं. रडली मात्र थोडीशी. मीही रडले असते आणि तुम्हीही, उगाच शहाणपणा सांगू नका.

भाडेकरू आली. वेणूमावशी नावाची एक म्हातारी, जत्रेत रंगीत कागदांची भिरभिरी विकणारी. ती फार हळू बोलायची. माठातलं पाणी घ्यायचं तरी आधी विचारायची, घेऊ का म्हणून. दारातून जाताना अंग चोरून जायची. आईचीही तीच गत. घरात पहिल्यांदाच परकं माणूस आलेलं, त्याच्याशी काय बोलायचं तेच तिला सुचेना. दोघी दिवसभर एकमेकींना ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत राहायच्या.

त्या वर्षी थंडीने अगदी कहर केला. एका सकाळी बकू बागेत फुलं वेचायला गेली, तर शेवंतीच्या पानावर काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी परी होती ती. चंदेरी झगा, मोरपिशी पंख आणि ते पंख दवाने भिजून पानाला घट्ट चिकटलेले. बिचारी नुसती कुडकुडत होती. बकूने तिला अलगद ओंजळीत घेतलं आणि तिच्यावर गरम गरम श्वास सोडत बसली. स्वतःची बोटं गारठली, तरी हलली नाही. शेवटी पंख सुकले, झुळझुळले आणि परी भुर्रकन तिच्या अंगठ्यावर येऊन बसली.

परीने बकूला जीभ बाहेर काढायला लावलं आणि जिभेवर तीन चांदणकण ठेवले. थंडगार, गोडसर.

“आता मनापासून जे बोलशील ते खरं होईल,” परी म्हणाली. “पण तीनदाच. जसा शब्द, तसंच घडेल. आणि बोललेलं परत घेता येत नाही हं.”

बकूने लगेच मागितलं, आमचं घर उबदार होऊ दे.

“आमचं म्हणजे कुणाकुणाचं गं?” परीने विचारलं.

“माझं आणि आईचं.”

भाडेकरूला घरात कोण धरतं? तुम्ही धरलं असतं? खरं सांगा.

एक चांदणकण विरघळला. बकूने लगोलग दुसरंही मागून टाकलं, आम्हाला रोज गरम जेवण मिळू दे. दुसराही विरघळला.

घरी आली तर चुलीत लाकूड नाही, तरी स्वयंपाकघर छान उबदार. पाटांसमोर वाफाळती ताटं वाढलेली. पिठलं, भाकरी, तूपभात आणि गुळाचा सोनेरी खडा. पण ताटं दोनच होती. बकूने अर्धी भाकरी उचलली आणि मावशीकडे पळाली. उंबरा ओलांडला मात्र, भाकरी हातातल्या हातात गार आणि कडक झाली. खोलीत तर हुडहुडी भरत होती. ऊब उंबऱ्यापाशीच थांबली होती. मावशी दोन लुगडी अंगाभोवती गुंडाळून खोकत बसली होती. म्हणाली, माझं जेवण झालंय बाळ. झालं नव्हतं. बकूला ते दिसत होतं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ती धावत बागेत गेली. परीने सांगितलं की, घर किती मोठं ते तूच मला मोजून दिलंस, आता ते मागे घेता येणार नाही. पण एक चांदणकण अजून आहे.

मग काय, माग ना लगेच. पण बकूचं एक मन म्हणे मावशीसाठी ऊब माग, दुसरं म्हणे तुझी खोली परत माग. त्या ओढाताणीत दिवस गेले आणि मागणं तसंच राहिलं.

आणि मग मावशीनेच गाठोडं बांधलं. आईला सांगितलं, खोली चांगली आहे हो, तुमच्याबद्दल काही तक्रार नाही, पण माझ्या खोकल्याने तुमची झोप मोडते, मी पुढच्या गावच्या धर्मशाळेत जाते. धर्मशाळेला धड दारं नव्हती, हे आईला ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले, पण थांबा म्हणायचं तिला सुचलं नाही.

बकू दारात उभी होती. आता खोली आपोआप परत मिळणार होती. चांदणकणही उरणार होता. फक्त गप्प राहायचं होतं. पण मावशीची अनवाणी, भेगाळलेली पावलं उंबऱ्यापाशी आली. बकूने गाठोडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“मावशी, जाऊ नका ना. हे आपलं घर आहे.”

आता बघा हं. ‘आमचं’ म्हटलं की समोरचं माणूस दाराबाहेर राहतं. ‘आपलं’ म्हटलं की ते आत येतं. तिसरा चांदणकण विरघळला आणि ऊब उंबरा ओलांडून खोलीत शिरली. भिंती कोमट झाल्या. मावशीचा खोकला थांबला. वारा नसताना सगळी भिरभिरी गरगरू लागली, लाल, हिरवी, जांभळी, केशरी. मग घराने अंग जरासं ताणलं आणि बकूच्या अंथरुणालगतच्या भिंतीत एक छोटीशी खिडकी उघडली. खिडकीत परी बसली होती.

हे मी मागितलं नव्हतं, बकू चाचरत म्हणाली.

“मागितलं नाहीस म्हणूनच देते,” परी म्हणाली. तिच्याभोवती पिवळा, मग गुलाबी, मग पांढराशुभ्र उजेड पसरला, आणि उजेड ओसरला तेव्हा खिडकीत परी नव्हती.

संध्याकाळी ताटं तीन होती. बकू बागेतून धावत आली आणि तशीच मातीच्या पायांनी पाटावर बसली. वेणूमावशीने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

“ऊठ आधी. पाय धुऊन ये. असं बसतात का जेवायला?”

आई बघतच राहिली. परक्याच्या लेकराला कुणी असं रागावत नाही. बकूला इतका आनंद झाला की तिने पाय दोनदा धुतले.

गोष्ट माझी संपली, त्यांचं जेवण अजून चाललंय.